पंचविसाव्या तासाला अडकलेल्या गड्यासाठी

सेलूकडच्या एका पोरानं विचारलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, टीव्हीवर गेम खेळायचा सेकंडहँड प्लेस्टेशन फोर (पीएस फोर) घेतलाय. ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन, पर्सोना फाइव्ह रॉयल आणि फायनल फँटसी ट्वेल्व्ह, असे तीन गेम सुरू केले. तिन्ही वीस-पंचवीस तासांवर सुटले. मेडिकलवरून घरी यायला रात्रीचे दहा होतात, पुढं दीड-दोन तास मिळतात. इंग्रजी वाचता येतं, पण हळू. त्यात लाइट जाते. हे आरपीजी, म्हणजे टोळी घेऊन गोष्टीतून पुढं जायचे लांबलचक गेम, आपल्यासारख्याचं काम नाही का, का माझंच काही चुकतंय? चौथा घ्यायचा तर कुठला घेऊ?"

आधी एक, सर म्हणू नको. लातुरात सर म्हटलं की लोक विचारतात, केमिस्ट्रीचे का बायोलॉजीचे? मी त्याच ट्यूशनच्या गल्ल्यांत, औसा रोडच्या मागं, २००६ ते २०१३ गेम पार्लर चालवलं. चार पीएस टू, चार डबा टीव्ही, तासाला वीस रुपये. पोरं यायची ती क्रिकेट, कुस्ती नाहीतर गाड्या पळवायला. आरपीजी खेळणारा मी एकटाच, तेही शटर अर्धं ओढल्यावर. आता मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, पण रात्रीची सवय गेली नाही.

तर, तुझं चुकतंय. पण तुला वाटतंय तिथं नाही. दोन तास पुरतात, तुझं इंग्रजीही पुरतं. तुझे गेम सुटतात ते साठवून ठेवण्याच्या सवयीमुळं. तुझी बॅग न बघता सांगतो, तिन्ही गेमांत ती औषधांनी गच्च भरलेली असणार.

या गेमांची घडण अशी असते, की पहिले पंधरा-वीस तास नुसतं हाणत गेलं तरी भागतं. त्या काळात गेम तुझ्या हातात एकेक वस्तू देत जातो: मंत्र, औषधं, शत्रूला कमजोर करणारे डाव. मग एका टप्प्यावर जहाज मिळतं किंवा नकाशा उघडतो, आणि तिथून पुढं गेम धरून चालतो की आजवर दिलेलं सगळं तू वापरणार. तू वापरत नाहीस. मग लढाया लांबतात आणि बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, पाडतो. तुला वाटतं आपली लेव्हल कमी पडली. तू तीन रात्री जंगलात फिरून लेव्हल वाढवतोस, चौथ्या रात्री कंटाळतोस, पाचव्या रात्री मोबाइल बघत झोपतोस. पार्लरमध्ये कुणी घरी आरपीजी सुरू केलाय म्हणून सांगितलं की मी महिन्याभरानं विचारायचो, आणि उत्तर जवळपास ठरलेलं असायचं.

हे मला उशिरा कळलं. २०१६ चा उन्हाळा तुला आठवत असेल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तो. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. आमच्या घरात ड्रम, घागरी, कळशा, कुकरसुद्धा भरून ठेवलेले. टँकर कधी रात्री दोनला यायचा, म्हणून घरात कुणीतरी जागं राहायचं. मी जागं राहायचो म्हणून खेळायचो, किंवा खेळायचो म्हणून जागं राहायचो, काहीही म्हण. फायनल फँटसी नाइन चालू होता, शेवटच्या बॉसनं तीनदा पाडलं होतं. आई बाजूला पाटावर बसलेली. तिनं यादीकडं बोट केलं, "हे आकडे कशाचे रे?" म्हटलं, औषधाचे. "मग घे की." म्हटलं, ते अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवलंय. आई म्हणाली, "मरायलास की आत्ताच! आणखी कोणती अडचण यायची ऱ्हायलीय?"

तांब्याभर पाणी मोजून देणारी बाई हे बोलली. मी त्या रात्री चौदापैकी नऊ एलिक्सर ओतले आणि बॉस गेला. उरलेले पाच तसेच राहिले. गेम संपल्यावर त्यांचं काय करणार होतो, देव जाणे.

आपल्याकडच्या माणसाच्या हाडात साठवण आहे, आणि ती उगीच आलेली नाही. पण गेमचं पाणी वेगळ्या हिशोबानं येतं. फायनल फँटसी टेन आणि ट्वेल्व्हमध्ये सेव्हच्या जागेला हात लावला की सगळी टोळी ठणठणीत होते, फुकट. ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हनमध्ये शेकोटीपाशी रात्र काढली की तेच होतं. बॉसच्या दाराबाहेर बहुतेक वेळा अशी एक जागा बनवणाऱ्यानं मुद्दाम ठेवलेली असते. नळ चोवीस तास चालू असलेल्या घरात तू घागरी भरून ठेवतोयस, आणि वर तहानलेला झोपतोयस.

माझा नियम साधा आहे. बॉसच्या दारात बॅग उघडायची. ज्या औषधाचे दोनापेक्षा जास्त नग असतील, ते वरचे नग या बॉसवर खर्चायचे. मंत्रांची ताकद, म्हणजे एमपी, बॉसपर्यंत जपायची आणि बॉससमोर शून्यावर आणायची. जिंकल्यावर एमपी उरला असेल तर पुढच्या वेळी आणखी सैल हातानं खेळायचं.

आता ग्राइंडबद्दल, म्हणजे लेव्हल वाढवायला तेच ते शत्रू मारत बसण्याबद्दल. हा रोग मलाही झाला होता, आणि त्याची गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. मी औरंगाबादला पॉलिटेक्निकला होतो, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. रूमवरच्या एकाकडं पीएस वन होता. एका टपरीवरून फायनल फँटसी एट घेतला, १९९९ चा गेम, चार सीडींचा. अर्थात नकली. मी बालांब गार्डनच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये टी-रेक्सॉर नावाच्या डायनासोरला मारत बसलो, रात्रीमागून रात्री. लेव्हल साठच्या वर गेली. बाहेर पडून बघतो तर साधे किडेमुंग्यासुद्धा मरेनात. त्या गेममध्ये शत्रूंची लेव्हल तुझ्या टोळीच्या सरासरीबरोबर वर चढते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. खरी ताकद जंक्शनमध्ये होती. शत्रूकडून मंत्र ओढायचे, एकेक मंत्र शंभरपर्यंत साठवायचा आणि तो अंगाच्या ताकदीला, बचावाला जोडायचा. हो, इथं साठवण चालते, कारण साठवलेलं कामाला लावलेलं असतं. मी लेव्हल वाढवत होतो ते पालथ्या घड्यावर पाणी होतं. त्यात टपरीवाल्यानं चौथ्या सीडीच्या पाकिटात तिसरीच सीडी पुन्हा घातलेली. शेवट बघायला मला चार वर्षं लागली.

ड्रॅगन क्वेस्टमध्ये लेव्हलनं फरक पडतो, नाही असं नाही. पण तू समजतोस तितका नाही, आणि हे आकड्यानंच दाखवतो. या मालिकेत घावाचा हिशोब साधारण असा चालत आलाय: तुझ्या अटॅकचा निम्मा, वजा समोरच्याच्या डिफेन्सचा पाव. समज तुझा अटॅक ६० आहे आणि शत्रूचा डिफेन्स ८०. तीस वजा वीस, घाव बसला दहाचा. आता तू एक लेव्हल वाढवलीस, अटॅक दोनानं वाढला. घाव अकराचा. एका लेव्हलमागं एक. उलट गावातल्या दुकानातून वीसनं जास्त अटॅक देणारी तलवार घेतलीस, तर चाळीस वजा वीस, घाव वीसचा. दुप्पट! तलवार न घेता सॅप नावाचा कमजोर करणारा मंत्र मारून समोरच्याचा डिफेन्स साठवर आणलास, तरी तीस वजा पंधरा, पंधराचा घाव, म्हणजे दीडपट. जो बॉस तुला दहा मिनिटं दमवतो, तो पाच मिनिटांत जातो, आणि बॉस जितका कमी वेळ उभा राहतो तितकं तुझं औषध कमी जातं. म्हणून पैसेही साठवू नको. सोनं आधी हत्यारात घाल, मग ढालीत, मग बाकीच्यात.

याच कारणासाठी शिन मेगामी तेन्सेई तीनमधला मॅटाडोर माझा आवडता बॉस आहे, आणि त्यानं मला आठ वेळा पाडलंय. तो आपली चपळाई इतकी वाढवतो की तुझे घाव लागतच नाहीत. तिथं लेव्हल वाढवून काही होत नाही. त्याची चपळाई खाली ओढायची, तेवढंच. ज्यांनी आजवर नुसतं हाणलंय, त्यांना तो उचलून आपटतो. असा बॉस गेमच्या सुरुवातीलाच भेटणं हे नशीब समजावं.

लेव्हल वाढवायचीच असेल, तर ड्रॅगन क्वेस्टमध्ये धातूचे स्लाइम नावाचे छोटे शत्रू शोध. पळकुटे असतात, घाव एक-दोनाचेच बसतात, पण एक मेला तरी साध्या पंचवीस लढायांचं काम होतं. तेवढं अर्धा तास कर आणि पुढं चल.

आता तुझे दोन तास. माझ्या पार्लरला उदगीरकडचा एक पोरगा यायचा, सीईटीची तयारी करायला लातूरला राहिलेला. खोलीवर टीव्ही नाही, घरून पैसे मोजके. दर रविवारी सकाळी नऊला यायचा, एकच तास घ्यायचा, वीस रुपयांची नोट आधी काउंटरवर ठेवायचा. बाकीची पोरं मारामारीच्या गेमवर ओरडत असताना हा कोपऱ्यातल्या टीव्हीवर फायनल फँटसी टेन खेळायचा. मीच त्याला लावून दिला होता. त्याचं मेमरी कार्ड माझ्या गल्ल्यात वेगळं ठेवलेलं, त्यावर चिकटपट्टी लावून पेनानं नाव लिहिलेलं.

त्याच्याकडं दोनशे पानी वही होती. पुढून ऑरगॅनिक केमिस्ट्री, मागून गेम. तासाची शेवटची पाच मिनिटं तो खेळायचा नाही, लिहायचा. आत्ता कुठल्या गावात आहे, कुणी काय सांगितलं, पुढं कुठं जायचं, कुणाच्या हातात कुठलं हत्यार आहे, कुठला शब्द कळला नाही. पुढच्या रविवारी आला की आधी ते पान वाचायचा, मगच रिमोट हातात. आठ दिवसांच्या खंडानंतरही त्याला "मी कुठं चाललो होतो?" असं कधी झालं नाही. तुझे गेम सुटतात त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे. दोन दिवस कामात गेले की गोष्टीचा धागा हातून जातो, आणि अर्धवट आठवणाऱ्या गोष्टीत परत जायला माणसाचं मन घेत नाही. वही कर. मेडिकलवाला आहेस, पावतीच्या मागं लिहिलंस तरी चालेल.

तो गेम त्याला का लावून दिला, तेही सांगतो. फायनल फँटसी टेन २००१ चा, पण आपल्या माणसाला तो लगेच कळतो, कारण ती वारी आहे. युना नावाची पोरगी पायी निघालीय, देवळामागून देऊळ करत. सोबत तिचे राखणदार. वाटेत गावं लागतात, लोक हात जोडतात, कुणी खायला देतं, कुणी आशीर्वाद मागतं. नकाशावर हिंडणं जवळपास नाहीच, एकच वाट आणि चालणं. आई एकदा बघत होती, तिनं विचारलं, "ही पोरगी कुठल्या दिंडीला निघालीय?" जपानी गोष्ट तिला दोन मिनिटांत कळली. पुढं त्या देवळांचं आणि त्या वारीचं काय होतं ते मी सांगणार नाही. आईला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

लढाईतही तो गेम शिकायला सोपा. उजवीकडं वर पुढच्या पाळ्यांची यादी दिसते, कोण कधी मारणार ते आधीच कळतं, घाई नाही. लढाई चालू असतानाच माणूस बदलता येतो. आणि जो माणूस निदान एकदा पाळी खेळला, त्यालाच गुण मिळतात, त्यामुळं सातही जणांना मैदानात आणायची सवय लागते. तूही खेळ, पीएस फोरवर त्याची नवी आवृत्ती २०१५ पासून आहे.

एक तक्रार मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. पार्लरच्या काळात आमच्याकडं येणाऱ्या नकली डिस्का बहुतेक अमेरिकन आवृत्तीच्या असायच्या. मी तोच गेम त्यावर दोनदा संपवला. सायबर कॅफेतून दोन रुपये पानानं मार्गदर्शक छापून आणलेला, तोही अमेरिकन. मग पैसे साठवून ओरिजिनल डिस्क घेतली. आपल्याकडं विकत मिळायची ती पाल, म्हणजे युरोपकडची आवृत्ती. पन्नास हर्ट्झची, त्यामुळं जरा संथ, वरखाली काळ्या पट्ट्या. ते चाललं असतं. पण पाल आवृत्तीत जास्तीचे बॉस घातलेत, ते काळे एऑन, म्हणजे युना लढाईत मदतीला बोलावते त्या अचाट प्राण्यांची शत्रू झालेली रूपं. मी बेसाइडच्या देवळातली एक वस्तू पहिल्या फेरीत सोडली होती, मागाहून विमान मिळालं की घेऊ म्हणून. अमेरिकन डिस्कवर तसंच केलं होतं. इथं विमानातून गावात उतरलो तर गावाच्या तोंडाशीच काळा व्हॅलेफोर उभा. एका फटक्यात तिघंही आडवे. ती वस्तू नसली तर अनिमा नावाचा एऑन मिळत नाही, आणि काळ्या व्हॅलेफोरला हरवायचं तर आणखी तीस-चाळीस तासांची तयारी. छापलेली चाळीस पानं मी त्या रात्री चहाच्या टपरीवर भजी बांधायला देऊन टाकली. पीएस फोरवरच्या आवृत्तीतही हे बॉस आहेत, म्हणून बेसाइड आणि मॅकालानियाच्या देवळांत त्या खास गोलांची कोडी पहिल्याच फेरीत सोडव. मार्गदर्शक वाचायचा तो एवढ्यापुरता.

इंग्रजीचं बघू. तुला वाटतं तुझं इंग्रजी कच्चं आहे. अरे, तू नेमके असे गेम उचललेस की चांगले चांगले चक्रावतील. फायनल फँटसी ट्वेल्व्हचं इंग्रजी अलेक्झांडर स्मिथ या अनुवादकाच्या हातचं आहे, मुद्दाम जुनाट आणि दरबारी घडवलेलं. राजे-सरदार एकमेकांशी बोलतात ते बखरीतली मराठी वाचल्यासारखं वाटतं. ड्रॅगन क्वेस्टमध्ये गावागणिक बोली बदलते. होत्तो गावातली माणसं हायकूत बोलतात, हे तुझ्या लक्षात आलं असेल किंवा तू डोकं खाजवून पुढं गेला असशील. गोंडोलियात इटालियन हेल. आठव्या भागात यांगस नावाचा एक जाडा चोर हिरोला सारखं 'गव्ह' म्हणतो, लंडनच्या गल्लीतली बोली. मला ते पहिल्यांदा कळलं नाही. मग लक्षात आलं, हा तर आपल्या गंजगोलाईतला हमाल 'मालक' म्हणतो तसं म्हणायलाय. तिथून पुढं यांगसची सगळी वाक्यं मला लातुरी बोलीत ऐकू यायला लागली, आणि गेम दुप्पट आवडला.

तर प्रत्येक शब्द कळायलाच पाहिजे असं नाही. मुख्य माणसं काय म्हणतात ते वाच, बाकी गावातल्यांशी बोल पण अर्थ अंदाजानं लाव. पारावर बसलेल्या दहा जणांपैकी कामाचं एकच बोलतो, हे तुला माहीतच आहे. पर्सोनाचं इंग्रजी तिघांत सगळ्यात सोपं, आजच्या पोरांचं, पण ढीगभर आहे. तिथं संवाद आपोआप पुढं सरकवायची सोय बंद ठेव आणि आपल्या गतीनं बटण दाब.

लाइटचं मात्र खरं आहे, त्यावर तत्त्वज्ञान चालत नाही. २००८ मध्ये लोडशेडिंगच्या दिवसांत ड्रॅगन क्वेस्ट एटचं माझं ६३ तासांचं खातं उडालं. सेव्ह होत असतानाच लाइट गेली, आणि कार्ड स्वस्तातलं नकली. चूक माझी, एकाच जागेवर सेव्ह करत होतो. जपानी पोरांनी याहून वाईट दिवस काढलेत. तिकडच्या ड्रॅगन क्वेस्ट दोनमध्ये सेव्हच नव्हतं, गेम एक परवलीचा मंत्र द्यायचा, ५२ अक्षरांपर्यंतचा, आणि तो कागदावर उतरवताना एक अक्षर चुकलं की सगळं पाण्यात. १९८८ च्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्ये बॅटरी आली तेव्हा त्यांची सुटका झाली.

तू तीन जागांवर आळीपाळीनं सेव्ह कर. आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर कॉपी काढ, पीएस फोर ते करू देतो. कॉम्प्युटरला लावतात तो छोटा ६०० व्हीएचा यूपीएस घे. पीएस फोर स्लिम आणि बत्तीस इंची एलईडी टीव्ही त्यावर सहज निघतात, काही मिनिटं मिळतात, तेवढ्यात सेव्ह करून नीट बंद करायचं. आणि कन्सोल रेस्ट मोडवर ठेवून झोपू नको. रात्री लाइट गेली की थांबवलेला गेम गेला, वर सकाळी डिस्क तपासत बसतो.

आता तुझे तीन गेम. पर्सोना सध्या बाजूला ठेव. त्यात कॅलेंडर आहे, गेममधले दिवस मोजत कामं उरकावी लागतात, आणि कॅलेंडरचं टेन्शन घेणारा माणूस रोज रात्री दहाला दमून आल्यावर आणखी एक कॅलेंडर का पाहील? पुढं कधी घेतलास तर मारुकी नावाच्या समुपदेशकाशी मैत्री गेममधल्या १८ नोव्हेंबरच्या आत नवव्या रँकपर्यंत ने, २४ नोव्हेंबरच्या आत अकेचीची आठव्यापर्यंत, आणि १८ डिसेंबरच्या आत कासुमीची पाचव्यापर्यंत. नाहीतर रॉयलमधला नवा भाग आणि त्याचा खरा शेवट दिसतच नाही. बाकी काही चुकलं तरी बिघडत नाही.

फायनल फँटसी ट्वेल्व्ह तू हातानं लढत असशील, म्हणून दमला असशील. तो हातानं लढायचा गेमच नाही. गँबिट म्हणजे नियम लिहून ठेवायचे: साथीदाराची ताकद निम्म्याखाली गेली तर उपचार, उडणारा शत्रू दिसला तर मंत्र, नाहीतर म्होरक्या ज्याला मारतोय त्यालाच मार. नियमांचा क्रम वरून खाली, जो आधी लागू पडतो तो चालतो, म्हणून उपचार सगळ्यात वर. शेतात मोटारीला ऑटो स्टार्टर लावल्यासारखं आहे. एकदा नीट बसवलं की एल वन दाबून वेग वाढव आणि चहा पीत बघत बस. असे लोक मी पाहिलेत ज्यांना हे फसवणूक वाटतं. मला तर सगळ्या मालिकेत हीच गोष्ट सगळ्यात हुशार वाटते.

ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हनला आधी परत जा. जहाज मिळाल्यावर कुठं जायचं कळेना म्हणून सुटला असणार. टोळीशी गप्पा मारायचं बटण आहे, तिथं सोबतीच पुढची दिशा सांगतात. दुकानात जा, हत्यारं बदल, सोनं संपव.

पण त्याआधी, चौथा. पीएस फोरवर सुइकोडेन एक आणि दोन मार्च २०२५ मध्ये नव्या रूपात आलेत, त्यातला पहिला घे. मूळ गेम १९९५ चा, एका जुन्या चिनी कादंबरीतल्या १०८ बंडखोरांवर बेतलेला. वीसेक तासांत संपतो. म्हणजे तू जिथं सोडतोस तिथं हा संपलेला असतो, एवढ्यासाठीच तो तुला देतोय. गावोगाव माणसं गोळा करायची, पडका किल्ला वसवायचा, कुणी दुकानदार येतो, कुणी लोहार, कुणी नुसता आचारी. हत्यारं बदलायची नाहीत, लोहाराकडून धार लावून घ्यायची. मागं राहिलेला माणूस टोळीत घेतला की दोन-तीन लढायांत बाकीच्यांच्या बरोबरीला येतो, त्यामुळं ग्राइंडचा प्रश्नच येत नाही. १०८ पूर्ण करायच्या नादाला पहिल्या वेळी लागू नको.

उदगीरच्या त्या पोराचं राहिलं. पन्नासेक रविवार लागले त्याला. शेवटचा रविवार नेमका सीईटीच्या आधीचा. शेवटचा बॉस गेला, शेवटचं दृश्य सुरू झालं, आणि दारात त्याचे वडील. गावाहून आलेले, खोलीवर सापडला नाही म्हणून विचारत विचारत पार्लरपर्यंत पोचलेले. मी उठलो, म्हटलं आता माझीही कानउघाडणी होणार. वडिलांनी चप्पल दाराशी काढली, का कुणास ठाऊक, आणि पोराच्या मागं येऊन उभे राहिले. ते दृश्य चांगलं लांब आहे. ते काही बोलले नाहीत, नावं वर सरकायला लागेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "झालं का? चल." पोरानं वही उचलली, वीस रुपये काउंटरवर होतेच.

आज रात्री ड्रॅगन क्वेस्टचं सेव्ह उघड, खेळू नको, फक्त बॅग मोज. ताकद भरणारी, मेलेला उठवणारी आणि एमपी देणारी औषधं किती निघतात, तो आकडा कळव. मग पुढच्या बॉसचं बघू.